मिठाचे हात

दिपिका लहानपणापासून एका गोष्टीला घाबरत आली होती, ती म्हणजे मिठाचे हात. धरमतरच्या खाडीकाठी असे हात घरोघरी. मिठागराच्या खाऱ्या पाण्यात जन्म काढला की तळव्याची साल निघते, बोटांच्या पेरांना चिरा पडतात, आणि लग्नात हळद लावायची वेळ आली की बायका ओठ चावून गप बसतात. तिच्या आईचे हात तसेच. सासूचे, गोदूबाईचे, तर विचारूच नका. म्हणून हितेशशी लग्न ठरतानाच तिनं सांगून टाकलं होतं, पोरं झाली तर ती शाळेत जातील, मिठागराच्या बांधावर नाय. हितेश तेव्हा खाडीतल्या मालवाहू बार्जवर नुकता लागला होता. तो हसून व्हय म्हणाला. लग्न ठरताना पुरुष कशालाही व्हय म्हणतात, पण हा बापडा शब्दाला जागला.

आणि आता त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, भूमिकाच्या हातांना चिरा पडल्या होत्या. पोर दहा वर्षांची, पाचवीत, शाळेत पहिल्या तिघींतली. पेन्सिल धरली की बोटातून रक्त यायचं.

दिपिका तिला घेऊन गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टर अनन्या रोह्याच्या. घराणं जुनं, जमीनजुमल्याचं, आता सगळे मास्तर नाहीतर वकील. बाई वयानं लहान पण वागायला नीट, कोणावर खेकसत नसत. बाहेर रांग दारापर्यंत गेलेली. त्यांनी भूमिकाचा हात उलटसुलट केला आणि विचारलं, "घरात कोणी मिठागरात जातं का?" दिपिकानं मान खाली घातली. झालं, निदान होऊन गेलं. मलम मिळालं. पंधरवड्यानं परत गेली तेव्हा दुसरं मलम मिळालं, वर ताकीद, की मुलीला खाऱ्या पाण्यात पाठवू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं आणि दिपिकाला तर नव्हतंच.

तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आपण वडखळला कंपनीत पॅकिंगला, शिफ्ट कधी सकाळची तर कधी दुपारची. हितेश बार्जवर. पोर घरी असते आजीबरोबर, आणि आजीचा पाय अजून घरात ठरत नाही. साठी उलटली तरी शेजारच्यांच्या मिठागरात कामाला जाते. मग पोरीला कोण नेणार तिथं?

"कोणाबरोबर गेलीस मिठागरात?" तिनं भूमिकाला समोर बसवून विचारलं.

भूमिकानं क्षणभर इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "आजीबरोबर," ती म्हणाली.

मग काय, दिपिकाचा तोल गेला. अकरा वर्षं सासूपुढे आवाज न चढवलेली बाई त्या संध्याकाळी ओटीवर उभी राहून बोलली. "आई, तुमच्या हातांचं झालं ते पुरलं नाय काय? माझ्या पोरीचे पन पायजेत?" गोदूबाई सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं नातीकडे पाहिलं. नात जमिनीकडे बघत होती. गोदूबाईनं सूप बाजूला ठेवलं, एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून पेणहून रोह्याची गाडी पकडून लेकीकडे, सगुणाकडे निघून गेली. हितेश बायकोला म्हणाला, "तिला बोलायला तरी द्यायचंस." दिपिका म्हणाली, "बोलायला तोंड व्हतं तिला." घर दोन दिवस धुमसत राहिलं.

आता तरी हात बरे व्हायला हवे होते की नाही? आजी नाही, मिठागर नाही, शाळेतून घर आणि घरातून शाळा. पण हात आणखी बिघडले. तळवे लाल झाले, मनगटापर्यंत कातडी ताणल्यासारखी दिसू लागली. आता दिपिकाला भीती वाटू लागली. रागाला निदान एक माणूस तरी सापडला होता, या भीतीला कोणी सापडेना.

आणि एकदा मन घाबरलं की ज्या गोष्टी इतके दिवस डोळ्यासमोर असून दिसत नव्हत्या त्या दिसू लागतात. पोर मोरीत गेली की लवकर बाहेर येत नाही. साबण भराभरा संपतो. बापाला ताट वाढायला सांगितलं की पोटात दुखतंय म्हणते. आणि तो एकच प्रश्न, उठता बसता: "मम्मी, पप्पांना काय व्हनार नाय ना?" जानेवारीत हितेश बार्जवरून जेट्टीवर उतरताना पाय सटकून पडला होता, खांद्याचं हाड मोडलं होतं, महिनाभर घरी होता. तेव्हापासून ती विचारायची. दिपिका म्हणायची, "नाय गो, काय नाय व्हनार." पोर दोन मिनिटं गप, की परत तेच. लेक बापावर जीव टाकते म्हणून शेजारणी कौतुक करायच्या.

नजर लागली असेल, असं दिपिकाच्या मनात आलं. एका तिन्हीसांजेला तिनं मुठीत खडेमीठ घेतलं आणि भूमिकाला पाटावर बसवून वरून खाली ओवाळायला लागली. मूठ डोक्यावर गेली मात्र, पोर पाट उडवून भिंतीला जाऊन चिकटली. असा आवाज तिच्या घशातून निघाला की दिपिकाच्या हातातलं मीठ जमिनीवर सांडलं. भूमिका त्या सांडलेल्या मिठावरून उडी मारून मोरीत पळाली, कडी लावली, आणि आतून नळाचा आवाज येत राहिला. दिपिका दार वाजवून दमली. शेजारीण दारात येऊन हळूच म्हणाली, "बाहेरचं काय तरी हाय गो. जानत्याला दाखव." त्या रात्री दिपिकाला झोप लागली नाही. सकाळी तिनं कंपनीत फोन करून खाडा सांगितला आणि पोरीला घेऊन पुन्हा आरोग्य केंद्र गाठलं. जाणत्याकडे का गेली नाही असं पुढं तिला कोणीतरी विचारलं, तर तिला सांगता येईना. खरं म्हणजे तिला भीती वाटली होती, की जाणता पहिल्या झटक्याला मीठच मागेल.

डॉक्टर अनन्यांनी या वेळी हात बघितले आणि एकदम थांबल्या. "भूमिका, चपला काढ बघू."

भूमिकानं पाय पुढं केले. पाय कसे, शाळेच्या पोरीचे असतात तसे. धुळीचे, मऊ, एक चीर नाही.

"दिपिकाताई, मिठागरात माणूस उभा कशावर राहतो?" डॉक्टर म्हणाल्या. "आधी पाय फुटतात, हात नंतर. दोन वर्षं मी हेच पाय बघतेय इथं आणि हिचे बघितलेच नाहीत. ही मिठागरात गेलेलीच नाही."

दिपिका पोरीच्या पायांकडे बघत राहिली. मिठागराच्या काठावर जन्मलेली बाई ती, आईच्या टाचांच्या भेगांत मेण भरत मोठी झालेली. हे तिला कळू नये? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि संन्यासी पिशवी उचलून रोह्याला गेला होता.

"हे साबणानं झालंय," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग भूमिकाकडे न बघता, जणू हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाल्या, "काही मुलांना एक विचार सारखा येतो. नको म्हटलं तरी येतो. हात धुतले की जरा वेळ जातो, मग परत येतो. तुला येतो का तसा?"

भूमिकानं वर पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर दिपिका बसली खरी, पण बसली म्हणजे टेकली. आईला बाहेर काढून डॉक्टर पोरीला काय विचारतात? आईसमोर न सांगण्यासारखं काय असतं? आजकाल मोबाईलवर काय काय बातम्या येतात. कोणी हात लावला असेल? शाळेत? शेजारात? आपण शिफ्टला असताना? तिनं ओळखीतला एकेक पुरुष डोळ्यापुढे आणला आणि एकेकावर संशय घेतला, अगदी देवळातल्या म्हाताऱ्या गुरवावरसुद्धा. समोर एक बाई बाळाला डोस पाजायला आली होती, बाळ हसत होतं, आणि दिपिकाला त्या बाईचा रागच आला.

दार उघडलं. आत भूमिकाचं तोंड रडून सुजलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "भूमिका स्वतःच सांगणार आहे. तुम्ही फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही."

आणि भूमिकानं सांगितलं. जानेवारीत पप्पांना ताप होता. आजीनं त्यांची मिठानं दृष्ट काढली आणि ते मीठ वाटीत घालून चुलीपाशी ठेवलं, चूल पेटली की टाकायला. भूमिकाला ते ओवाळलेलं मीठ आहे हे ठाऊक नव्हतं. पप्पा जेवायला बसले, डाळ अळणी आहे म्हणाले, तिनं हाताला आली ती वाटी उचलली आणि चिमूटभर डाळीत घातलं. पप्पांनी खाल्लं. आजी नंतर वाटी शोधत आली आणि म्हणाली, कोणी हात तर लावला नाय ना गो त्याला, सगळी पीडा त्यात असते. तिसऱ्या दिवशी पप्पा कामावर गेले आणि पडले.

"पीडा माझ्या हाताला हाय," भूमिका म्हणाली. "मी हात नाय धुतले तर पप्पा खाडीत पडतील."

"मग आजीबरोबर गेले असं का सांगितलंस गो?" दिपिकाच्यानं राहवलं नाही.

"तूच विचारलंस कोणाबरोबर गेलीस," भूमिका म्हणाली. "मिठाचं सांगितलं असतं तर तुला कळलं असतं मी पप्पांना काय दिलं ते."

दिपिकानं पोरीला ओढून छातीशी धरलं. इतके महिने हे एवढंसं पोर बापाचा जीव आपल्या दहा बोटांवर घेऊन फिरत होतं, आणि आई त्या बोटांना मलम चोळत होती. वर मूठभर मीठ घेऊन ओवाळायला निघाली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हे वेड नव्हे, बाहेरचं नव्हे, पोरं मुद्दाम करतात असंही नव्हे, आणि यावर उपाय आहे. रोह्याला मुलांच्या मनाचे एक डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे जायचं. मधल्या दिवसांत इथं यायचं, मी आहेच. दिपिकानं सगळ्याला मान हलवली. मग डॉक्टर म्हणाल्या, "आणि ती विचारेल पप्पांना काही होणार नाही ना, तेव्हा 'नाही होणार' म्हणायचं नाही."

"मग काय म्हनू?"

"मला माहीत नाही, म्हणायचं. तुमच्या 'नाही'नं तिला घटकाभर बरं वाटतं. धुतल्यावर वाटतं ना, तसंच. मग परत विचारावं लागतं."

"मॅडम, लेकराला असं कसं सांगू? बाप बार्जवर असतो."

"सांगायला अवघड आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी सोपं असल्याचा आव आणला नाही, एवढं मात्र दिपिकाला बरं वाटलं.

रोह्याचे डॉक्टर वयस्क होते, मिशीतल्या मिशीत बोलणारे. त्यांनी भूमिकाबरोबर पुष्कळ वेळ घेतला आणि घरी करायचं काम ठरवून दिलं: आधी मिठाच्या बरणीला नुसतं बोट लावायचं आणि हात धुवायचे नाहीत, भीती आपोआप उतरते का ते बघत बसायचं. मग मीठ हातात धरायचं. मग आईच्या ताटात वाढायचं. आणि सगळ्यात शेवटी, ती तयार झाली की, पप्पांच्या.

तिथून दोघी सगुणाच्या घरी गेल्या. गोदूबाई मागल्या पडवीत बसली होती. दिपिका पाया पडायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "आई, माझी चूक झाली. भूमी मिठागरात गेलीच नव्हती."

"मना ठावं व्हता," गोदूबाई म्हणाली.

"मग तेव्हाच का नाय बोललात?"

"पोरीनं माजं नाव घेतलान. तिला खोटी पाडली असती तर तू तिला धोपटली असतीस. तुजा हात मना ठावं हाय." मग तिनं नातीला जवळ घेतलं. भूमिका आजीच्या मांडीवर बसली आणि तिनं तोच प्रश्न काढला, पण दुसऱ्या तोंडानं. "आजी, ओवाळलेलं मीठ खाल्लं तर काय होतं?"

म्हातारीचा दृष्ट लागण्यावर पूर्ण विश्वास. ती आता पीडा म्हणेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. नाहीतर देवाची शपथ घेऊन काही होत नाही म्हणेल, आणि तेही नको होतं.

गोदूबाईनं विचार केला. "मना काय ठावं?" ती म्हणाली. "मी कधी खाल्लं नाय."

सगुणा फसकन हसली. भूमिकासुद्धा जराशी हसली, आणि गोदूबाईला कळेना यात हसण्यासारखं काय. संध्याकाळच्या गाडीनं ती सुनेबरोबर परत आली.

पुढचे आठवडे काही सुखाचे गेले नाहीत. बरणीला बोट लावलं की पोर घामेजायची, मोरीच्या दारापाशी जाऊन उभी राहायची. कधी जिंकायची, कधी कडी लावून घ्यायची. ज्या दिवशी कडी लागायची त्या दिवशी दिपिकाला वाटायचं, संपलं, ही अशीच राहणार. हात मात्र हळूहळू भरत आले. एप्रिल सरताना भूमिकानं आईच्या भातावर मीठ वाढलं. दिपिकानं घास तोंडात घातला आणि त्या क्षणी तिला कळलं की आपल्यालाही भीती वाटतेय. शिकलेली होती, कंपनीत जात होती, पण घास घशाखाली उतरेना. पोर टक लावून बघत होती. दिपिकानं तो गिळला.

आणि मे महिन्यात एका दुपारी, हितेश बार्जच्या दुपारच्या फेरीला निघायच्या आधी जेवायला बसला असताना, भूमिका स्वतःहून म्हणाली, "आज मी वाढते पप्पांना." तिनं बरणीतून चिमूट घेतली, डाळीत घातली, बोटानं ढवळली. हितेशला घरातलं सगळं ठाऊक होतं. तो एरवी बडबड्या, पण आज मुकाट जेवला, ताट चाटूनपुसून उठला, पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला.

संध्याकाळी वारा सुटला. खाडीकडून धूळ आणि चिखलाचा वास यायला लागला, दारं आपटू लागली. गोदूबाई वाळत घातलेली सुकट गोळा करायला मागं पळाली. हितेशला यायची वेळ झाली, आणि टळली. वारा सुटला की बार्ज मध्येच उभी करतात, उशीर होतो, हे दिपिकाला पाठ होतं. तरी तिनं फोन लावला. लागला नाही. परत लावला. उंबऱ्यात येऊन लावला, अंगणात जाऊन लावला. डोक्यात एकच, की आजच, नेमकं आजच का.

भूमिका उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत होती. हात मांडीवर, तळवे वर. बोटांना दुपारच्या डाळीचा पिवळा डाग तसाच होता.

"मम्मी, पप्पांना काय व्हनार नाय ना?"

नाय गो, हे शब्द दिपिकाच्या जिभेवर तयार होते. तिनं ते गिळले. "मला माहीत नाय," ती म्हणाली.

"तुला पन भीती वाटते?" भूमिका म्हणाली.

"व्हय," दिपिका म्हणाली. "लय वाटते."

पोरीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू आईला आज पहिल्यांदाच बघत होती. घरात भीती वाटणारी आपण एकटीच, असं ती इतके दिवस धरून चालली होती. कोणी तिला दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

"मग तू काय करतेस भीती वाटली की?"

"फोन लावते."

"नाय लागला तर?"

"परत लावते."

"माझं पन तसंच होतं," भूमिका म्हणाली.

दिपिका पोरीशेजारी उंबऱ्यात बसली. भूमिकानं हात पुढं केला. दिपिकानं हातातल्या फोनकडे एकदा पाहिलं आणि तो तिला देऊन टाकला. भूमिकानं तो आपल्या मांडीखाली सरकवला आणि डाळीची बोटं आईच्या हातात घातली. रस्त्यानं एक मोटरसायकल आली, वळणावरून पुढं निघून गेली. ती हितेशची नव्हती. कोणी उठलं नाही.